घसाऱ्याचा रकाना



नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सिल्वासा नगरपरिषदेची आणि जिल्हा पंचायतीची निवडणूक पार पडली. आपल्या केंद्रशासित प्रदेशातल्या अनेक जागा बिनविरोध गेल्या आणि भारतीय जनता पक्षाने मोठे यश मिळवले. निवडून आलेल्या सर्वांचे मंडळातर्फे मनःपूर्वक अभिनंदन. गुलाल धुतला गेला, मंडप उतरले, भोंगे थांबले. प्रचारात घरोघर आलेली गुळगुळीत कागदाची रंगीत पत्रके मात्र अजून घरात असतील. बऱ्याच घरांत ती कपाटाच्या खणात अंथरली गेली असतील हेही आम्ही जाणतो, कारण आमच्या घरी तेच झाले होते. आमची पहिली विनंती एवढीच, की ते पत्रक खणातून काढा, सुरकुत्या सारख्या करा आणि फाइलला लावा. पुढची पाच वर्षे ते लागणार आहे.

आपले मंडळ कुठल्याही पक्षाचे नाही. सभासदांत भाजपला मत देणारे आहेत, काँग्रेसचे जुने निष्ठावंत आहेत, शिवसेनेवर जीव असणारे आहेत आणि ‘मोहनभाईंचा माणूस’ म्हणून आयुष्यभर ओळखले गेलेलेही आहेत. तेव्हा हा अग्रलेख कोणाच्या बाजूने नाही आणि कोणाच्या विरुद्धही नाही. शहर सुधारण्याच्या ज्या योजना पक्ष आपल्यापुढे ठेवतात त्या कशा वाचाव्यात, एवढाच त्याचा विषय आहे. आम्ही पोटासाठी बँकेत आकडे जुळवतो, त्यामुळे आमचे वाचन थोडे हिशेबी असणार. त्याबद्दल क्षमस्व.

वाणिज्य शाखेत अगदी सुरुवातीला एक शब्द शिकवतात, तो म्हणजे घसारा. एखाद्या दुकानदाराने एक लाखाचे यंत्र घेतले की ताळेबंदात लाखाची मालमत्ता दिसते. पण यंत्र झिजते. ते दहा वर्षे चालणार असेल तर दरवर्षी दहा हजार रुपये झिजेपोटी धरले पाहिजेत, नाहीतर अकराव्या वर्षी यंत्रही नाही आणि पैसेही नाहीत अशी गत होते. जो दुकानदार घसारा धरत नाही त्याला दरवर्षी नफाच झाल्यासारखा वाटतो. मग एके दिवशी दुकान बसते आणि लोक म्हणतात, काल-परवापर्यंत तर चांगले चालले होते. शहराचेही असेच आहे. आजवर आमच्या हातात जितकी पत्रके आली, मग ती कोणत्याही चिन्हाची असोत, त्यांत काय बांधणार ते होते. बांधलेले कोण सांभाळणार, कशातून सांभाळणार आणि न सांभाळल्यास कोणाला विचारायचे, हा रकाना आम्हांला एकातही दिसला नाही.

आधी जमेची बाजू मांडू, कारण ती मोठी आहे आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ७ मार्च २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी सिल्वासात नमो रुग्णालयाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले. ४५० खाटांचे हे रुग्णालय ४६० कोटी रुपयांहून अधिक खर्चून उभे राहिले. त्याआधी २५ एप्रिल २०२३ रोजी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वास्तूचे लोकार्पण त्यांच्याच हस्ते झाले होते. आपल्यापैकी ज्यांनी रात्री-अपरात्री घरच्या माणसाला गाडीत घालून वापी, वलसाड, नाहीतर थेट मुंबई गाठली आहे, त्यांना याची किंमत कोणी सांगायला नको. आपली मुले इथेच राहून डॉक्टर होऊ शकतील, ही गोष्ट आमच्या पिढीने स्वप्नातही पाहिली नव्हती. रस्ते रुंद झाले, चौक उजळले, दमणगंगेचा काठ बांधून काढला गेला. संध्याकाळी नातवंडांना घेऊन तिथे बसणारी आपलीच माणसे आम्ही पाहतो आणि बरे वाटते.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०१८ मध्ये सिल्वासाची निवड केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली. २५ जून २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत दर शहराला सरासरी शंभर कोटी रुपये वर्षाला, असे पाच वर्षे केंद्राकडून मिळावेत आणि तितकाच वाटा राज्याने व स्थानिक संस्थेने उचलावा, अशी मूळ मांडणी होती. हा पैसा खर्च करण्यासाठी प्रत्येक शहरात एक स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे निम्मे भाग राज्य किंवा केंद्रशासित प्रदेशाकडे आणि निम्मे पालिकेकडे. म्हणजे कागदावर नगरपरिषद निम्मी मालकीण. पण कामे ठरली कंपनीच्या संचालक मंडळाच्या टेबलावर, नगरपरिषदेच्या सभेत नव्हेत. ही योजना मुदतवाढी घेत घेत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. पैशाचा नळ बंद झाला. उभे राहिलेले खांब, कॅमेरे, फरसबंदी, बागा आणि पंप मात्र आहेत तिथेच आहेत, आणि त्यांची झीज योजना संपल्याच्या दिवशी थांबलेली नाही.

एक घरचे उदाहरण देतो. आमच्या गल्लीत नव्या पेव्हर ब्लॉकची सुंदर फरसबंदी झाली. बायकांनी पहिल्या दिवाळीला त्यावर रांगोळ्या काढल्या. दोन पावसाळे गेले आणि पाण्याच्या पाइपासाठी ती मधोमध उकरली गेली. काम झाल्यावर ब्लॉक बसवले, पण खाली खडी दाबली नाही. पुढच्या पावसात ते खचले. शेजारच्या आजी सकाळी देवळात निघाल्या, पाय मुरगळून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा एका टेबलाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराची हमीची मुदत संपलेली होती. खाते कोणते, अधिकारी कोण, हे इथे लिहीत नाही; ती माणसेही आपल्यासारखीच नोकरदार आहेत. मुद्दा असा, की ती फरसबंदी करण्याचा खर्च मंजूर होता. ती जपण्याचा खर्च कुठल्याच वहीत नव्हता. आजी आता काठी घेऊन चालतात. घसारा म्हणजे काय, हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले कळले आहे.

रुग्णालयालाही हाच न्याय लागतो. इमारत एकदा बांधावी लागते, परिचारिका रोज लागते. लिफ्ट, प्राणवायू, औषधे, स्वच्छता, तज्ज्ञ डॉक्टरांचे पगार, हे सगळे दर महिन्याला नव्याने उभे करावे लागते. उद्घाटनाची कोनशिला एक असते. देखभालीची कोनशिला कोणी बसवत नाही. म्हणूनच तिच्याकडे लक्ष देणे आपल्यासारख्या नागरिकांवर येऊन पडते.

दुसरा प्रश्न शिरगणतीचा. २००१ च्या जनगणनेत दादरा नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत जवळजवळ ५६ टक्के वाढ! सिल्वासा नगरपरिषदेच्या हद्दीत त्या वर्षी ९८,२६५ माणसे मोजली गेली. याच जनगणनेतला आणखी एक आकडा बोलका आहे. आपल्याकडे दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. याचा अर्थ इथल्या घरांत मुली कमी झाल्या एवढाच नाही. ऐंशीच्या दशकापासून करसवलतींमुळे इथे कृत्रिम धाग्याचे, प्लास्टिकचे कारखाने आले आणि त्यांच्यामागून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून तरुण मुले एकेकटी आली. मसाट, आमली, सायली, राखोली या बाजूच्या चाळींमध्ये एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी ही मुले आपल्या शहराचे पाणी पितात, आपल्या रस्त्याने चालतात, आपल्या गटारात सांडपाणी सोडतात. त्यांतल्या बहुतेकांची नावे मतदार यादीत गावाकडे असतात. म्हणून इथल्या कोणत्याही पक्षाच्या पत्रकात त्यांना जागा नसते.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेतली माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ साठी ठरली. म्हणजे आजवरच्या साऱ्या योजना २०११ च्या आकड्यावर अंदाजाचे ठिगळ लावून केलेल्या आहेत. बँकेत चौदा वर्षांपूर्वीच्या शिलकेवर कोणी आज कर्ज मागायला आला तर आम्ही त्याला पासबुक भरून आणायला सांगतो. शहराच्या पाण्याची टाकी, गटाराचा व्यास आणि कचऱ्याच्या गाड्यांची संख्या मात्र तशा शिलकेवर ठरते. चाळीतल्या माणसाला वगळून केलेला हिशेब शेवटी आपल्याच दारात तुंबतो. तेव्हा परप्रांतीय किती वाढले म्हणून चहाच्या टपरीवर सुस्कारे टाकण्यापेक्षा, त्यांची मोजणी नीट व्हावी हा आग्रह धरणे जुन्या रहिवाशांच्याच फायद्याचे आहे.

नदीचेही तेच. दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते, मधुबन धरणात थांबते, आपल्या अंगणातून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. अर्धी वाट ती मराठी बोलणाऱ्या मुलखातून येते, म्हणून तिच्याबद्दल आपल्याला माहेरच्या माणसासारखी ओढ वाटते. या नदीचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आले होते. काठावर बाके आणि दिवे बसवणे हे भांडवली काम. पाणी स्वच्छ ठेवणे हे रोजचे काम. पहिल्याचे छायाचित्र निघते, दुसऱ्याचे निघत नाही. पत्रकात पहिलेच असते यात नवल ते काय!

तिसरा प्रश्न अधिकाराचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. आपल्याला विधानसभा नाही. राज्यघटनेच्या २३९ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींच्या वतीने प्रशासक कारभार पाहतात. २६ जानेवारी २०२० पासून दादरा नगर हवेली आणि दमण व दीव हे दोन्ही प्रदेश एक झाले आणि मुख्यालय दमणला गेले. आपली नगरपरिषद ज्या कायद्याखाली चालते तो २००४ चा विनियमही इथल्या लोकप्रतिनिधींनी केलेला नाही. तो २४० व्या कलमाखाली राष्ट्रपतींनी काढलेला आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली बाराव्या अनुसूचीत अठरा विषय घालून दिले, पण ते पालिकांकडे सोपवावेच लागतील असे बंधन घातले नाही. ‘सोपवता येतील’ इतकेच म्हटले. या एका शब्दाच्या फटीत बरेच काही राहून जाते.

याचा परिणाम असा, की पत्रकात एकाच रांगेत लिहिलेली दहा आश्वासने प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या दारांची असतात. गल्लीतला दिवा, कचरा, घरपट्टी, बाजारातल्या गाळ्यांचे भाडे, अशी काही नगरपरिषदेच्या दारची. जमिनीचा वापर, मोठे रस्ते, शाळा, रुग्णालय, अशी काही प्रशासनाच्या दारची. आणि काही थेट दिल्लीच्या दारची. वीज घ्या. १ एप्रिल २०२२ पासून आपले वीज वितरण ज्या कंपनीकडे आहे तिचे ५१ टक्के भाग टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेले. हा निर्णय नगरपरिषदेने घेतलेला नाही. बिलाबद्दल नगरसेवकाला विचारले तर तो हात वर करतो, आणि तो खोटे बोलत नसतो. पण मते मागताना त्याच्या पत्रकात वीजही असते! तेव्हा आमची मागणी अशी, की कोणत्याही पक्षाने आपली योजना तीन रकान्यांत छापावी: जे आमच्या हातात आहे, जे आम्ही प्रशासनाकडे मागू, आणि जे आमचे खासदार दिल्लीत मागतील. पहिल्या रकान्याचा हिशेब काटेकोर घ्यावा. उरलेल्या दोन रकान्यांत मागणी केव्हा केली, पत्राचा जावक क्रमांक काय आणि उत्तर काय आले, एवढे विचारावे. यात कोणावर अन्याय नाही.

कोणी म्हणेल, योजना पक्षाची असते, पक्ष बघून घेईल. इथेच आपला आजवरचा अनुभव आडवा येतो. मोहनभाई डेलकर १९८९ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले, मग काँग्रेसकडून, भाजपकडून, पुन्हा अपक्ष, आणि २००४ साली स्वतःच्या भारतीय नवशक्ती पक्षाकडून. हवेलीचा स्वतःचा असा स्थानिक पक्ष दिल्लीपर्यंत पोचला, ही साधी गोष्ट नव्हती. पण तो पक्ष एका माणसाबरोबर उभा राहिला आणि २००९ च्या निवडणुकीला ते काँग्रेसमध्ये परतले तेव्हा बाजूला पडला. २०१९ मध्ये ते पुन्हा अपक्ष म्हणून निवडून आले. २०२० च्या जिल्हा पंचायत निवडणुकीत संयुक्त जनता दलाला वीसपैकी सतरा जागा मिळाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांतले पंधरा सदस्य भाजपमध्ये गेले.

२०२१ ची गोष्ट तर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची. फेब्रुवारीत मोहनभाईंचे मुंबईत निधन झाले, ऑक्टोबरअखेर पोटनिवडणूक झाली आणि श्रीमती कलाबेन डेलकर शिवसेनेकडून ५१ हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. महाराष्ट्राबाहेर शिवसेनेचा पहिला खासदार आपल्या हवेलीने दिला! त्या रात्री आपल्या कितीतरी घरांत पेढे वाटले गेले, आमच्याही घरात. पुढे शिवसेना दुभंगली आणि २०२४ मध्ये कलाबेन भाजपच्या उमेदवार म्हणून ५७ हजारांहून अधिक मतांनी पुन्हा निवडून आल्या. कोणी कुठल्या पक्षात जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यांची कारणे त्यांच्यापाशी असतील आणि लोकांनी त्यांना पुन्हा कौलही दिला. आमचा प्रश्न साधा आहे. २००४ चे पत्रक, २०२० चे पत्रक, २०२१ चे पत्रक, यांत शहरासाठी जे लिहिले होते त्याचे उत्तरदायित्व आज कोणाकडे आहे? बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली तर ठेवीदाराचे खाते बुडत नाही, नव्या शाखेला ते सांभाळावेच लागते. राजकारणात मात्र पक्ष बदलला की जुनी देणी माफ होतात.

म्हणून आम्ही म्हणतो, की यापुढे पत्रकावर झेंड्यापेक्षा प्रभागाचे आणि माणसाचे नाव मोठे असावे. शिवाय आजची स्थिती एका अर्थाने फार सोयीची आहे. नगरपरिषद भाजपकडे, जिल्हा पंचायत भाजपकडे, खासदार भाजपचे आणि केंद्रात सरकारही त्यांच्याच नेतृत्वाखाली. आजवर प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा होती. आता ती उरलेली नाही. सत्ताधारी पक्षाला ही सुवर्णसंधी आहे. घसाऱ्याचा रकाना भरून दाखवणारी पहिली नगरपरिषद म्हणून सिल्वासाचे नाव व्हावे असे आम्हांला मनापासून वाटते. तसे झाले तर याच पानावर आम्ही त्यांचे अभिनंदन करू, पक्ष न बघता.

आता थोडे स्वतःकडे. आपण इथले जुने रहिवासी. कोणी पेशवाईपासूनचे म्हणवतात, कोणाचे आजोबा मुक्तीनंतर शिक्षक, तलाठी, कारकून म्हणून आले. इथल्या वारली, कोकणा, धोडिया बांधवांनंतर या मातीवर आपलाही हक्क आहे, असे आपण मानतो. पण हक्क गाजवण्याची आपली रीत कशी आहे? काम अडले की ओळखीचा माणूस शोधायचा, दोन दिवसांत काम करून घ्यायचे आणि गल्लीतल्या उरलेल्यांना कळूही द्यायचे नाही. निवडणूक आली की एकत्र जमून मागायचे काय, तर सभागृहाला जागा आणि गणेशोत्सवाला परवानगी. मराठी शाळा टिकावी म्हणून भाषणे करायची आणि आपली मुले इंग्रजी शाळेत घालायची, यात आम्हीही आलो. सभागृह जरूर मागावे, शाळा जरूर टिकावी. पण ज्या शहरात आपली पुढची पिढी राहणार, त्या शहराचा जमाखर्च आपण एकदाही मागितला नाही, ही गोष्ट बोचण्यासारखी आहे. नगरसेवकाने वर्षाला हिशेब द्यावा असे वाटत असेल, तर आधी तो घ्यायला सभेत चार माणसे बसलेली दिसली पाहिजेत.

हे आपल्याला जमणार नाही असे ज्यांना वाटते, त्यांना एका जुन्या गोष्टीची आठवण द्यावीशी वाटते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते, हे आपण दर मुक्तिदिनाला सांगतो. पण त्यानंतरची सात वर्षे आपण सांगत नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात रीतसर विलीन होईपर्यंत वरिष्ठ पंचायतीने, म्हणजे इथल्याच माणसांनी, इथला कारभार चालवला. मुक्तीच्या योजनेत पुढे असलेले आणि नंतर प्रशासकपदाची धुरा वाहिलेले अप्पासाहेब करमळकर हे मुळात बँकेतले नोकरदार होते, याचा आमच्या व्यवसायाला अभिमान आहे. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता, १२ एप्रिल १९६० ला त्याचा निकाल लागेपर्यंत उद्याची खात्री नव्हती, आणि तरीही कारभार चालला. तेव्हा कोट्यवधींची योजना नव्हती. चालवणारा आणि ज्याच्यासाठी चालवायचे तो, हे दोघे एकाच गावात राहत होते आणि रोज एकमेकांना भेटत होते. उत्तर देणे टाळता येत नव्हते. १९६१ च्या कायद्याने वरिष्ठ पंचायतीकडे कारभाराऐवजी चर्चा आणि शिफारस करण्याचा अधिकार उरला. कारभार मोठा झाला, पैसा आला, सोयी आल्या; पण उत्तर देणारा माणूस हळूहळू लांब गेला. त्याला जवळ आणणे, हीच आमच्या मते शहराची खरी सुधारणा.

यासाठी विधानसभेची वाट पाहायला नको. घटनेच्या २४३-एस कलमाप्रमाणे प्रभाग समित्या तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांना बंधनकारक आहेत. सिल्वासा त्या हिशेबात बसत नाही. पण कायदा सक्ती करत नाही म्हणून मनाईही करत नाही. नगरसेवकाने दर तीन महिन्यांनी आपल्या प्रभागात, एखाद्या शाळेच्या पटांगणात, तासभर बसावे. मिळालेली रक्कम, झालेला खर्च आणि देखभालीसाठी राखलेली शिल्लक, असे तीन आकडे एका कागदावर मराठी, गुजराती आणि हिंदीत लिहून फलकावर लावावेत. याला ना दिल्लीची मंजुरी लागते ना दमणची. लागते ती फक्त इच्छा.

आपल्याकडूनही एक सुरुवात. मंडळाच्या कार्यालयात या महिन्यापासून एक वही ठेवली आहे. प्रत्येक प्रभागाला त्यात एक पान आहे. डाव्या बाजूला पत्रकात काय कबूल केले ते आम्ही लिहून ठेवले आहे. उजवी बाजू कोरी आहे. आपल्या गल्लीत काय झाले, केव्हा झाले, आणि झालेले टिकले की नाही, हे तारखेसह आपण येऊन लिहायचे. चांगले झाले असेल तर तेही लिहायचे, नुसत्या तक्रारींनी वही भरू नये. वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, दाराजवळच्या टेबलावर आहे, आणि पेन दोऱ्याने बांधलेले आहे. बँकेतली सवय, दुसरे काय!

शेजारच्या आजींनी पहिली नोंद केली आहे. अक्षर थरथरते आहे, पण तारीख बरोबर आहे.